खोडरबराखालचं चित्र

चादरीची घडी उलगडली आणि बिराजदार बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

बाकी शाळेच्या पटांगणात नुसती धमाल चालली होती. रेषाघर कंपनीची गाडी दुसऱ्या तासालाच येऊन उभी राहिली, आणि मुख्याध्यापक म्हेत्रे सरांनी सगळ्या तुकड्या बाहेर काढल्या. पोरांनी काढलेली चित्रं छापून, विणून परत आली होती. पिशव्या, पडदे, टॉवेल, उशांचे अभ्रे, आणि सगळ्यांच्या वर मानाने ठेवलेली ती चादर. खरं तर सोलापूरच्या पोराला चादरीचं काय कौतुक, जन्मल्यापासून तीच पांघरतं. पण हिच्या कोपऱ्यात नाव विणलेलं होतं: रेवती अंबादास अंकम, इयत्ता आठवी. पोरींनी रेवतीला गराडा घातला होता. तिचे वडील अंबादास मागावरचं काम सोडून आले होते. चादरीला हात लावायचे आणि मळेल म्हणून मागे घ्यायचे.

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. चादरभर एक वेल पसरली होती. दर वळणावर देठ क्षणभर अडत होता, किंचित जाड होत होता आणि मग पुढे सरकत होता. चोविसाव्या वर्षी सायकलवरून पडून बाईंच्या उजव्या तर्जनीचं पेर मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. तेव्हापासून पेन्सिल वळवताना त्यांचं बोट जरा अडतं, दाबतं आणि सुटतं. ही वेल कुणी माणसाने काढलेली नव्हती. यंत्राने ती रेवतीच्या हाताने नव्याने रचली, असं गाडीबरोबर आलेला माणूस माईकवर सांगत होता. कसला रेवतीचा हात! चादरीवर महानंदा बिराजदारांचं मोडकं पेर शंभर वेळा उमटलं होतं.

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं.

मुलांच्या चित्रांचे फोटो काढून कपबशांवर छापणं हा खेळ जुना. रेषाघरने त्याच्या पुढची पायरी गाठली. कागद मऊ असतो. पेन्सिल फिरली की त्यात चर पडतो, केसाहून कितीतरी बारीक. रेषाघरचं यंत्र त्या कागदावर चहूबाजूंनी तिरपा उजेड टाकतं आणि सावल्या मोजून प्रत्येक चराची खोली काढतं. खोलीवरून दाब कळतो, दाबाच्या चढउतारावरून वेग. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे नंतरची रेघ आधीच्या चराचा काठ ढकलते, म्हणून कोणती आधी आणि कोणती नंतर तेही कळतं. असे चारेक हजार फटकारे वाचले की यंत्राला त्या हाताच्या सवयी पाठ होतात. मग त्याला कुठलाही विषय द्या, ते त्या मुलाच्या हाताने नवं चित्र काढून देतं. या पाठ झालेल्या सवयींना तिथली माणसं नुसतं 'हात' म्हणत. अमक्या मुलाचा हात नोंदवला, तमक्या मुलीचा हात निवडला, अशी त्यांची भाषा.

आणि निवडलेल्या हाताला बक्षीसही तसंच मोठं होतं. पुण्याच्या पलीकडे रंगवेध नावाची निवासी शाळा होती. जेवणखाण, राहणं, शिकणं, सगळं तिथेच. रेषाघरने निवडलेल्या हातांतून तिथे दर वर्षी राज्यभरातली तीस मुलं घ्यायचे, चौदा वर्षांच्या आतली. एकतिसावं मूल नाही म्हणजे नाही. निवड झालेल्या मुलाला शेवटी निरीक्षकासमोर बसून चित्र काढावं लागे, आणि ते नोंदलेल्या हाताशी जुळलं तरच जागा पक्की. यंदा निवड झालेली रेवती फेब्रुवारीत चौदाची होणार होती, त्यामुळे तिच्यासाठी हे एकच वर्ष होतं.

आता बाईंचं. चित्रकलेच्या शिक्षकाला एक खोड असते, ती त्याला खोड वाटतच नाही. मूल चित्र घेऊन येतं. शिक्षक बघतो, 'अगं हा हात बघ, काठी झालीय' म्हणतो, खोडरबर घेतो, खोडतो आणि दोन रेघांत नीट करून देतो. याला हात फिरवणं म्हणतात. बाईंच्या बाईंनी त्यांच्यावर फिरवला, बाईंनी एकतीस वर्षं पोरांवर फिरवला. ग्रेड परीक्षेला शाळेचा निकाल उगाच नव्हता शंभर टक्के. रेषाघरच्या अर्जावर प्रश्न होता, 'चित्रातली प्रत्येक रेघ विद्यार्थ्याने स्वतः काढली आहे काय?' बाईंनी चाळीस मुलांच्या चाळीस अर्जांवर बिनदिक्कत 'होय' लिहिलं होतं. खोटं बोलतोय असं त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं. हात फिरवणं म्हणजे काय चित्र काढणं थोडंच?

दुसऱ्या दिवशी बाई अर्धी रजा टाकून अक्कलकोट रस्त्यावरच्या रेषाघरात गेल्या. तिथे हात वाचायच्या यंत्रावर निलोफर बागवान होती. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, आता तिशीची, केसांत एकदोन पांढरे, पण बाईंना पाहून उभी राहिली ती सातवीतल्यासारखी.

"निलोफर, तुझं यंत्र चुकलंय," बाई बसल्या बसल्याच म्हणाल्या. "चादरीवर माझा हात आहे."

निलोफरने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "यंत्र चुकलं नाही बाई. मला महिन्याभरापासून दिसतंय. तुमच्या शाळेच्या चाळीस चित्रांत एकच हात सदतीस ठिकाणी सापडला. मला वाटलं, तुम्ही याल."

"आणि नसते आले तर?"

"तर मीही गप्प बसले असते. तुमच्याबद्दल तक्रार मी कुठल्या तोंडाने करणार?"

बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. निलोफरने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि विचारलं, "खालचं बघायचंय?"

"खालचं म्हणजे?"

"खोडरबर शिसं उचलतं, चर उचलत नाही. तुम्ही जे खोडलं ते कागदात तसंच आहे. तुमचा हात काढून टाकला की पोरीचं दिसतं."

तिने एक बटण दाबलं. बाईंची ती सुबक वेल, पोपट, अंगण, तुळस, सगळं विरून गेलं. खाली जे वर आलं ते बघून बाई पुढे वाकल्या. कुठल्याच वस्तूला बाहेरची रेघ नव्हती. पानभर उभे, बारीक, जवळजवळ टेकलेले फटकारे होते, आणि ते जिथे जिथे तुटत होते तिथे माणसं उभी राहिली होती. एक बाई सुताची कांडी भरत होती. एक माणूस वाकून काहीतरी सांधत होता. मागावर ताणलेल्या हजारो धाग्यांच्या पलीकडून घर पाहिलं तर असंच दिसेल.

बाईंना तो दिवस आठवला. विषय होता, 'माझे घर'. आपण म्हणालो होतो, "हे काय गं रेघोट्या? आधी बाहेरची रेघ, मग आतलं." आणि सगळं खोडून टाकलं होतं.

"देवा रे," बाई पुटपुटल्या. "मी हे खोडलं?"

निलोफरने पाण्याचा ग्लास पुढे केला. "एक सांगू बाई? तुम्ही काही बोलला नाहीत तरी रेवतीची जागा जात नाही. परवा मी तिची तात्पुरती चाचणी घेतली. कागदाखाली दाब मोजणारी पट्टी ठेवून समोर काढायला लावलं. नोंदलेल्या हाताशी ब्याऐंशी टक्के जुळली. सत्तर लागतात."

"कशी जुळेल? हात तर माझा आहे."

"तीन वर्षं तुम्ही शिकवलंत ना. ती आता तुमच्यासारखंच काढते. वळणावर अडतेसुद्धा."

त्या चांगल्या बोटाच्या पोरीने मोडक्या बोटाचं अडणं उचललं होतं. बाईंनी स्वतःच्या वाकड्या पेराकडे पाहिलं. आणि रंगवेधमध्ये काय चालतं तेही त्यांनी विचारून घेतलं. तिथे प्रत्येक मुलाच्या शेजारी त्याचा नोंदलेला हात दिवसभर काम करत असतो. मूल कोपरा काढतं, यंत्र त्याच हाताने उरलेलं भरतं. चार वर्षं पोरगी महानंदा बिराजदारांबरोबर काढणार, आणि सगळे म्हणणार हे तुझंच.

"मी एक आहे ती पुरे आहे सोलापुरात," बाई उठत म्हणाल्या. "रेवतीचा खरा हात नोंदवायला काय लागेल ते सांग."

"चार हजार फटकारे. तिच्या जुन्या चित्रांतून, तुमच्या खोडण्याखालून काढावे लागतील. तुमचं लेखी निवेदन लागेल. आणि रंगवेधची चाचणी ठरलेल्या तारखेलाच, त्या खऱ्या हाताशी सत्तर टक्के. नाही जुळली तर जागा दुसऱ्या मुलाला."

"किती दिवस आहेत?"

"अकरा."

म्हेत्रे सरांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त शाळा चालवायची होती. "बाई, पोरगी पास होतेय. शाळेचं नाव होतंय. तुम्ही कुणाचं भलं करायला निघालात?"

"रेवतीचं."

"निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. तुमची चौकशी लागेल. एकतीस वर्षांतलं प्रत्येक पोर म्हणेल, माझं बक्षीस माझं होतं की बाईंचं?"

"म्हणू दे. मलाही तेच विचारायचंय."

सरांनी हात जोडले. बाईंनी निवेदन टेबलावर ठेवलं आणि पोच मागून घेतली. चिडल्यावर त्या फार नियमाने वागत.

अंकमांच्या घरी गोष्ट इतकी सोपी नव्हती. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागे स्वयंपाक, आणि मधल्या जागेत सगळा संसार. अंबादासने माग बंद केला आणि सगळं ऐकलं.

"बाई, तुम्ही असं का करायलात?" तो म्हणाला. "पोरगी आता कुठं बाहेर पडायलीय. चुकलं असंल तुमचं. आम्ही कुठं काय म्हणालोय? राहू द्या की."

"अंबादास, ती माझा हात घेऊन जाईल. तुझ्या पोरीचा इथेच राहील."

"हात काय बाई, पोरगी तर जाईल ना इथनं."

बाईंनी पर्समधून छापील कागद काढला, खोडलेल्याखालचं चित्र, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रेवतीच्या हातात दिला. रेवतीने तो बराच वेळ पाहिला.

"हे मी काढलेलं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणालात, रेघोट्या."

"म्हणाले."

"मला वाटलं मला चित्र येत नाही. मी घरी येऊन रडले होते बाई. आईला विचारा." तिचा आवाज चढत होता. "चांगलं होतं तर का खोडलं?"

बाईंना सबब सांगता आली असती. परीक्षेचा नियम होता, सगळेच असं शिकवतात, तुझ्या भल्यासाठी केलं. "मला चांगलं वाटलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला कळलंच नाही. परवा यंत्राने दाखवलं तेव्हा कळलं. मी चुकले, रेवती. आणि तुझं काय होईल ते मी एकटी ठरवणार नाही. निवेदन दिलंय, पण तू नको म्हणालीस तर उद्या जाऊन परत घेईन. तशीच गेलीस तर जागा पक्की आहे. हा हात नोंदवलास तर धोका आहे."

रेवतीने कागद वडिलांच्या हातात दिला. अंबादास तो धरून मागाजवळ गेला, त्याने ताणलेल्या धाग्यांमधून पलीकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. त्याच्या बायकोनेही कांडी बाजूला ठेवून डोकावून पाहिलं. "ही मी आहे," ती हळूच म्हणाली.

"पण मला आता तसं येत नाही," रेवती म्हणाली. "पेन्सिल धरली की तुमचा आवाज येतो. आधी बाहेरची रेघ."

"मग काय करायचं?" बाईंनी विचारलं.

रेवतीने वडिलांच्या हातातल्या कागदावरून बोट फिरवलं. "निवेदन परत नका घेऊ," ती शेवटी म्हणाली. अंबादासने तोंड उघडलं आणि कागदाकडे पाहून पुन्हा मिटलं.

पुढचे सहा दिवस बाईंनी पदर खोचला. चित्रकलेच्या कपाटात रेवतीचे तीन वर्षांचे एकसष्ट कागद निघाले. रोज शाळा सुटली की त्या ते रेषाघरात न्यायच्या आणि निलोफर एकेक कागद सोलायची. प्रत्येक कागदाखालून काहीतरी निघायचंच. सहावीतल्या चित्रात पोरीने विहीर आतून काढली होती, खालून वर बघताना दिसते तशी. बाईंनी ती खोडून वरून गोल काढून दिली होती. बाई बघायच्या आणि एका वहीत तारीख लिहून ठेवायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी निलोफरला विचारलं, "तुझंही खोडलं असेन ना मी?"

"खोडलं होतं बाई."

"काय होतं?"

"आठवत नाही," निलोफर म्हणाली. ते खोटं आहे हे दोघींनाही कळलं. बाई मान खाली घालून पुढचा कागद काढू लागल्या. सहाव्या दिवशी फटकाऱ्यांचा आकडा चार हजार तीनशे बारावर पोचला आणि रेवतीचा स्वतःचा हात नोंदला गेला. पहिल्या चाचणीत ती त्या हाताशी अडतीस टक्के जुळली.

उरलेले दिवस रेवती मागाच्या मागे बसून काढत राहिली. बाई रोज जायच्या. पहिल्या दिवशी रेवतीने दारातच बजावलं, "या, पण गप्प बसा." बाई पोत्यावर बसल्या. माग खडखडत होता, पोरगी काढत होती, आणि बाईंना एकतीस वर्षांत केलं नव्हतं इतकं अवघड काम करायचं होतं. पोरीचं कोपर वर गेलं की त्यांचे खांदे आखडायचे. प्रमाण चुकलं की जीभ वळवळायची. एकदा त्या नकळत "अगं" म्हणाल्या, तर रेवतीने कागद उचलला आणि पाठ करून बसली. तेव्हापासून बाई दोन्ही हात पदरात गुंडाळून बसू लागल्या. अंबादास मागावरून बघायचा आणि हसू दाबायचा. निलोफरच्या चाचण्यांत आकडा चव्वेचाळीस झाला, मग त्रेपन्न, मग एकसष्टावर अडून बसला. तिथेच असताना तारीख उजाडली.

चाचणी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत होती. रंगवेधचे निरीक्षक म्हणून वैद्य आले होते, शांत, काटेकोर गृहस्थ. नियम त्यांनी वाचून दाखवले. एक तास. विषय ऐन वेळी. मार्गदर्शक शिक्षकाने खोलीत हजर राहायचं, विचारलं तर बोलायचं, पण कागदाला हात लावायचा नाही. आकडा मुलीच्या पाठीमागच्या पडद्यावर दिसणार, तिला दिसणार नाही. विषय निघाला, 'वाट पाहणारी माणसे'.

रेवतीने सुरुवात उभ्या फटकाऱ्यांनी केली. आकडा अठ्ठावन्नवरून बासष्ट झाला, चौसष्ट झाला. खिडकीबाहेर अंबादास पाठमोरा उभा होता. त्याला बघवत नव्हतं.

मग विसाव्या मिनिटाला पोरगी घाबरली. चित्रात एक म्हातारा बसवायचा होता आणि तो बसेना. तिने पेन्सिल तिरपी केली आणि त्याच्या खांद्याभोवती एक सरळ, सुबक, देखणी बाहेरची रेघ ओढली. वळणावर हात अडला. आकडा घसरून सत्तावन्न झाला.

रेघ सुंदर होती. बाईंना ती सुंदर वाटली, हीच तर खरी फजिती होती. त्यांच्या डोळ्यांना आजही तीच बरोबर दिसत होती. रेवतीने मान वर केली आणि सवयीने विचारलं, "बाई, बरोबर आहे का हे?"

वैद्यांनी मान हलवली: बोला. बाईंना पडदा दिसत होता. 'नाही, खोड ती' असं म्हटलं असतं तर आकडा कदाचित वर गेला असता. पण मग आजही पोरीने बाईंच्याच सांगण्यावरून खोडलं असतं. ती चार वर्षांनी आणि चाळीस वर्षांनीही मान वर करून कुणाला तरी विचारत राहिली असती. जागा जाईल, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

"मला सांगता येत नाही, रेवती," त्या म्हणाल्या. "मला फक्त माझं बरोबर माहीत आहे. तुझं मला माहीत नाही."

रेवती त्यांच्याकडे बघत राहिली. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. ती रागावली आहे की काय, बाईंना कळेना. मग तिने पेन्सिल उभी धरली. ती रेघ तिने खोडली नाही. तिच्यावरूनच फटकारे ओढायला लागली, एकाशेजारी एक, वरून खाली, धाग्यांसारखे. म्हाताऱ्याचा खांदा त्यांत बुडाला आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच जागी वर आला, थकलेला, एका बाजूला कललेला. बाईंनी कधी काढला नसता असा. मागच्या पडद्यावर आकडे बदलत होते, पण बाई आता तिकडे बघत नव्हत्या.

वैद्यांनी वेळ संपल्याचं सांगितलं, पडदा पाहिला आणि नोंद केली. "त्र्याहत्तर," ते म्हणाले. "जागा पक्की."

रेवतीने हात झटकले, कागद उचलला आणि बाईंकडे न बघता, काहीही न विचारता, वडिलांना दाखवायला बाहेर पळाली. बाई तिथेच बसून राहिल्या. पोरीने आपल्याला विचारलं नाही याचा त्यांना इतका आनंद झाला की रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.